रोख्यामागचा हिशेब

अहिल्यानगर, म्हणजेच पूर्वीच्या अहमदनगर जिल्ह्यात मारवाड व गुजरातेतून आलेल्या अनेक घराण्यांनी दुकाने थाटली, पेढ्या चालविल्या आणि सावकारीही केली. त्यांत जैन कुटुंबेही होती. त्या सावकारीचा एक अध्याय दिवाणी न्यायालयात लिहिला गेला. तो गौरवाचा नसला, तरी स्मरणात ठेवण्याजोगा आहे.

एकोणिसाव्या शतकात शेतकऱ्यावरील दावा बहुधा लहान रकमेचा असे. सावकार रोखा हजर करून फिर्याद लावी, समन्स निघे. पण प्रतिवादी क्वचितच हजर होई. कज्ज्याचा खर्च झेपत नसे आणि रोख्यावरील नांगराची निशाणी तर त्याचीच असे. मग एकतर्फी हुकूमनामा, दरखास्त, जप्ती आणि लिलाव असा क्रम ठरलेला होता. १८५९ च्या कायद्याने साध्या रोख्यावरील दाव्याची मुदत तीन वर्षे केली. त्यामुळे व्याज मुद्दलात मिळवून पुनःपुन्हा नवा रोखा लिहून घेण्याची रीत पडली. न्यायालय तो नवा रोखा पाही; त्यामागचा हिशेब पाहत नसे.

१२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यातील सुपे येथे दंगा उसळला. तो लवकरच पारनेर, श्रीगोंदे, नगर व कर्जत तालुक्यांत पसरला. जमावाचा रोख माणसांपेक्षा कर्जखतांवर होता. चौकशी आयोगाच्या अहवालानंतर पुणे, सातारा, सोलापूर व अहमदनगर या चार जिल्ह्यांसाठी १८७९ चा दख्खन शेतकरी साहाय्य कायदा झाला.

या कायद्याने प्रतिवादीस बोलावून त्याची जबानी घेणे आणि व्यवहाराचा मुळापासून हिशेब तपासणे न्यायालयाचे कर्तव्य ठरले. शेतकऱ्यास कर्जापायी होणारी कैद बंद झाली. स्पष्टपणे गहाण न दिलेल्या जमिनीस लिलावापासून संरक्षण मिळाले. दाव्यापूर्वी समेटाचा प्रयत्न, दहा रुपयांपर्यंतच्या दाव्यांसाठी गावमुनसफ, फेडीसाठी हप्ते व पैसे भरल्याची पावती याही तरतुदी झाल्या.

मात्र कायद्याने सारे साधले नाही. पत आखडली, काही ठिकाणी गहाणखताऐवजी खरेदीखते लिहून घेतली गेली. तरीही दोन्ही बाजू ऐकल्याशिवाय न्याय नाही, हे तत्त्व लहान दाव्यालाही लागू झाले. १९८७ च्या कायद्याने लोकअदालतीस वैधानिक आधार दिला, तेव्हा समेटाची तीच वाट नव्या रूपाने पुढे आली.

पूर्वजांच्या वह्यांत जमा आहे तशी नावेही आहे. दोन्ही बाजू मांडल्या, तरच हिशेब पुरा होतो.