हवा धुणारा इंजिनिअर आणि छतावरचे गिनीपिग

कोरोनाच्या काळात निळ्या-जांभळ्या ट्यूबलाइटचं आपल्याकडे पीकच आलं होतं. भाजी ठेवायची पेटी, मोबाईल ठेवायचा डबा, दवाखान्यात भिंतीवर लावायचा दिवा. विकणारा प्रत्येक जण सांगायचा, ‘एकदम नवीन टेक्नॉलॉजी आहे सर.’ मंडळाच्या बैठकीत हा विषय निघाला तेव्हा दोघातिघांनी मला विचारलं की हे खरंच नवीन का. नवीन मुळीच नाही. बंद खोलीतली हवा किरणांनी निर्जंतुक करण्याचं काम 1930च्या दशकात अमेरिकेत सुरू झालं, तेही एका इंजिनिअरच्या हातून. ते काम पुढे जवळजवळ विसरलं का गेलं, हा या निबंधाचा विषय. आपल्या भागाचा इतिहास यात शेवटाकडे थोडासाच येतो, त्याबद्दल वाचकांनी सांभाळून घ्यावं.

मागची गोष्ट थोडक्यात सांगतो. जंतूंचा शोध लागण्याआधी ‘दूषित हवा’ हेच बहुतेक रोगांचं कारण मानलं जायचं. ही समजूत लवकर गेली नाही. प्लेगच्या साथीत मुंबईत घरांची कौलं उतरवून आत ऊन घेतलं जात होतं. आणि प्लेग पसरत होता उंदरांवरच्या पिसवांतून. जंतुशास्त्र पक्कं झाल्यावर लंबक पार दुसऱ्या टोकाला गेला. चार्ल्स चॅपिन हे अमेरिकेतले सार्वजनिक आरोग्याचे मोठे अधिकारी. त्यांनी 1910च्या आपल्या ग्रंथात मांडलं, की रोग पसरतो तो मुख्यतः स्पर्शाने, आणि खोकला-शिंकेच्या जवळून उडणाऱ्या थेंबांनी. हवेतून दूरवर रोग जातो ही भीती लोकांच्या मनातून काढायलाच हवी, असा त्यांचा सूर. दूषित हवेच्या भुताला गाडायचं तर हे बोलणं त्या वेळी गरजेचं होतं, असं मला वाटतं. पण भुताबरोबर हवासुद्धा गाडली गेली.

विल्यम फर्थ वेल्स हे शिकलेले सॅनिटरी इंजिनिअर, म्हणजे पाणी आणि सांडपाणी यांचे जाणकार. त्यांच्या कारकिर्दीचा बराच काळ न्यूयॉर्क राज्यात कालवं वाढवण्यात आणि ती रोगमुक्त करण्यात गेला. 1930च्या सुमारास ते हार्वर्डला शिकवायला आले. पाण्यातले जंतू मोजता येतात, मग हवेतले का नाही, हा त्यांचा साधा प्रश्न. त्यासाठी त्यांनी एक यंत्र केलं. काचेची नळी जोरात फिरवायची, तिच्या आतल्या बाजूला जंतूंना पोसणाऱ्या अगारचा थर लावायचा आणि तिच्यातून खोलीची हवा ओढायची. जड कण बाहेर फेकले जाऊन थरावर चिकटतात, दोन दिवसांनी तिथे जंतूंचे ठिपके उगवतात, ते मोजायचे. दूध यंत्रात जोरात फिरवून साय वेगळी काढतात त्याच जातीची युक्ती.

1934 साली त्यांनी जो निबंध छापला, त्यातला एक आलेख मला फार आवडतो. खोकल्यातून उडालेला थेंब एकीकडे खाली पडत असतो आणि दुसरीकडे सुकत असतो. यातलं आधी काय घडतं? वेल्सनी सीमा काढली साधारण 100 मायक्रॉनची, म्हणजे मिलिमीटरचा दहावा भाग. त्याहून मोठा थेंब ओला असतानाच जमिनीला लागतो. त्याहून लहान थेंब वाटेतच सुकतो, आणि मागे उरतो तो एक बारीकसा कोरडा कण, जंतूला पोटात घेऊन तरंगणारा. मी उद्यमबागेत पंचवीस वर्षं फाउंड्रीच्या वाळूची धूळ ओढणाऱ्या यंत्रणांवर काम केलं, त्यामुळे हे गणित माझ्या हाडात मुरलेलं आहे. दोन मीटर उंचीवरून शांत हवेत 100 मायक्रॉनचा थेंब सात-आठ सेकंदांत खाली येतो. 10 मायक्रॉनच्या कणाला दहा-अकरा मिनिटं लागतात. 1 मायक्रॉनच्या कणाला अर्ध्या दिवसाहून जास्त. शिवाय खोलीतली हवा कधी शांत नसतेच. डोळ्यांना दिसणारी धूळ कामगाराला खोकायला लावते. न दिसणारी फुप्फुसात जाऊन बसते.

आता हे कण मारायचे कसे? सूर्यप्रकाशाने जंतू मरतात हे 1877 साली डाउन्स आणि ब्लंट या दोघांनी इंग्लंडात दाखवलं होतं. कमी दाबाच्या पाऱ्याच्या दिव्यातून 254 नॅनोमीटरच्या आसपासचे अतिनील किरण निघतात आणि ते जंतूंच्या डीएनएची वीण बिघडवतात. मग जंतूला पुढची पिढी काढता येत नाही. वेल्सनी 1935मध्ये हे किरण हवेतल्या जंतूंवर वापरून पाहिले. अडचण एकच, हे किरण डोळ्यांना आणि कातडीलाही भाजतात. त्यावरचा तोडगा असा, की दिवे माणसाच्या डोक्याच्या वर भिंतीवर लावायचे आणि उजेड फक्त छताकडच्या थरात सोडायचा. माणसांच्या अंगाच्या उबेने हवा वर जाते, तिथे धुतली जाते, पुन्हा खाली येते. पंखा असेल तर आणखी चांगलं. खर्च म्हणाल तर खिडकी उघडण्याहून जास्त, पण थंडीच्या देशात हिवाळ्यात खिडकी उघडणं हाही खर्चच.

1937 साली वेल्स फिलाडेल्फियाला पेन्सिल्व्हेनिया विद्यापीठात आले. त्यांच्या पत्नी मिल्ड्रेड वीक्स वेल्स डॉक्टर होत्या आणि साथींचा अभ्यास त्यांचा. त्यांचं नाव या गोष्टीत फार कमी घेतलं जातं, म्हणून इथे मुद्दाम लिहितो. दोघांनी मिळून जर्मनटाउन फ्रेंड्स स्कूल या क्वेकर पंथीयांच्या शाळेत लहान मुलांच्या वर्गांत दिवे लावले. 1941मध्ये शहरात गोवराची मोठी साथ आली. दिवे असलेल्या वर्गांत गोवर फारसा पसरला नाही, दिवे नसलेल्या वर्गांत नेहमीसारखा पसरला. सगळीकडे गाजावाजा झाला.

आणि मग तो गाजावाजा विरला. युद्धानंतर न्यूयॉर्क राज्याच्या ग्रामीण भागातल्या मोठ्या शाळांत हाच प्रयोग झाला. गोवराची साथ आली, आणि दिवे असूनही शेवटी मुलं आजारी पडलीच. इंग्लंडात लंडनजवळच्या साउथॉलच्या शाळांतही फरक फारसा दिसला नाही. तो अहवाल 1954चा. निष्कर्ष निघाला, दिव्यांचा उपयोग नाही.

इथे माझ्यातला इंजिनिअर जागा होतो. कुठल्याही यंत्रणेची चाचणी घेताना पहिला प्रश्न असतो की तिची हद्द कुठली. न्यूयॉर्कच्या त्या गावांतली मुलं रोज बसमध्ये दाटीने बसून लांबून शाळेत यायची. साउथॉलची मुलं दाट वस्तीतली, संध्याकाळी गल्लीत आणि शेजाऱ्यांच्या घरात एकत्रच. वर्गाची हवा धुतली, बसची कोण धुणार? जर्मनटाउनच्या मुलांचा एकमेकांशी संबंध मुख्यतः वर्गातच येत होता, म्हणून तिथे दिव्यांचा गुण दिसला. नळाचं पाणी शुद्ध करून मुलाला ओढ्याचं पाणी प्यायला दिलं आणि जुलाब लागले, तर दोष क्लोरिनचा नव्हे. असं असूनही त्या अपयशी प्रयोगांनी पुढची काही दशकं धोरण ठरवलं.

वेल्सना हवा होता असा जीव, जो तपासायची तेवढीच हवा घेईल, दुसरी घेणारच नाही. हार्वर्डमध्ये त्यांच्या हाताखाली काम केलेला रिचर्ड रायली एव्हाना जॉन्स हॉपकिन्समध्ये फुप्फुसांचा तज्ज्ञ झाला होता. दोघांनी बाल्टिमोरच्या निवृत्त सैनिकांच्या रुग्णालयात क्षयरोग्यांचा सहा खोल्यांचा वॉर्ड घेतला. वॉर्डातली सगळी हवा पाइपांतून छतावरच्या खोलीत नेली, आणि तिथे पिंजऱ्यांत दीडशेच्या आसपास गिनीपिग ठेवले. गिनीपिगला क्षयाचा एखादा जंतूसुद्धा पुरतो. 1956 ते 1958 या दोन वर्षांत 71 गिनीपिगांना क्षय झाला. ते ना रुग्णाजवळ गेले होते, ना कुणी त्यांना हात लावला होता. त्यांनी फक्त श्वास घेतला होता.

शंकेखोर म्हणाले, पाण्यातून किंवा खाण्यातून झाला असेल. मग पुढची फेरी झाली. आता खोल्या दोन, गिनीपिगांचे गट दोन, हवा त्याच वॉर्डाची. पण एका खोलीकडे जाणाऱ्या हवेवर अतिनील किरण सोडलेले. एका गटातले गिनीपिग एकामागून एक क्षयाने आजारी पडत राहिले. किरणांच्या हवेतला एकही पडला नाही. 1962मध्ये हा निबंध प्रसिद्ध झाला. त्याच्या लेखकांत डी. एन. शिवपुरी हे आपल्याकडचं नावही आहे. त्याच कामातून कळलं, की बहुतेक संसर्ग मोजक्याच रुग्णांकडून आला, आणि ज्यांना औषधं नीट लागू पडत होती त्यांच्याकडून फारच कमी. वेल्स तेव्हा कर्करोगाने आजारी, कमरेखालून लुळे, त्याच रुग्णालयात खाटेवर होते. 1963मध्ये ते गेले.

त्यांचं म्हणणं सिद्ध झालं ते क्षयापुरतं. वेल्सच्याच सशांवरच्या प्रयोगांतून दिसलं होतं, की क्षयाचा जंतू फुप्फुसाच्या अगदी तळाशी पोचायला हवा, आणि तिथवर पोचतात ते काही मायक्रॉनचे बारीक कणच. त्यातून पुस्तकांत 5 मायक्रॉन हा आकडा रूढ झाला. पुढे ‘फुप्फुसाच्या तळाशी काय पोचतं’ याचं उत्तर ‘हवेत काय तरंगतं’ याचं उत्तर म्हणून वापरलं जाऊ लागलं, आणि वेल्सची 100ची सीमा मागे पडली. कोरोनाच्या पहिल्या वर्षात ‘5 मायक्रॉनहून मोठा थेंब दोन मीटरच्या आत पडतो’ हे आपण सगळ्यांनी ऐकलं, त्याचं मूळ या गोंधळात आहे. व्हर्जिनियातल्या लिन्सी मार आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जुने कागद चाळून ते शोधून काढलं.

दिवे मागे पडायला दुसरंही कारण होतं, आणि तो धागा भारतातून जातो. 1956मध्ये मद्रासला सुरू झालेल्या अभ्यासात 193 क्षयरोग्यांपैकी काहींना सॅनेटोरियममध्ये आणि काहींना त्यांच्या दाटीवाटीच्या घरांतच ठेवून सारखी औषधं दिली. 1959ला निकाल आला, घरी राहणारेही जवळपास तितकेच बरे झाले. जगभर सॅनेटोरियमं रिकामी होऊ लागली. आपल्या जवळचं मिरज-सांगलीमधलं वानलेसवाडी, तिकडचं पाचगणी, ही सगळी त्या काळाची आठवण. गोळीनेच काम भागत असेल तर हवेची चिंता कोण करतो? औषधाला न जुमानणारा क्षय आला तेव्हा ती चिंता परतली. पेरूतल्या लिमा शहरात पुन्हा वॉर्डाच्या वर गिनीपिग ठेवले गेले. 2009च्या त्या निबंधात साध्या हवेत 35 टक्के गिनीपिगांना संसर्ग झाला, छताजवळ अतिनील दिवे लावल्यावर साडेनऊ टक्क्यांना.

त्याच गटाने दोन वर्षं आधी लिमातल्या रुग्णालयांची हवा मोजली होती. 1950च्या आधी बांधलेल्या, उंच छताच्या आणि मोठ्या खिडक्यांच्या इमारतींत हवा सगळ्यात जास्त खेळती निघाली, नव्या इमारतींत कमी. बेळगाव, मिरज, कोल्हापूरकडच्या जुन्या दवाखान्यांत असे उंच छताचे वॉर्ड, व्हरांडे आणि झरोके अजून कुठे कुठे उभे आहेत. बऱ्याच ठिकाणी एसी बसवताना झरोके बुजवले गेले. अशा इमारतींचे जुने नकाशे किंवा मापं कुणाच्या घरी असतील तर मंडळाकडे पाठवा. छताची उंची, खिडक्यांची मापं आणि झरोका अजून उघडतो की नाही, एवढं कळलं तरी पुरे.