जुन्या घराचे आवार सावरताना

गोव्यातील जुने घर केवळ भिंती आणि कौलारू छपराने पूर्ण होत नाही. पुढचे अंगण, तुळशीवृंदावन किंवा खुरीस, विहीर, परसू, चिऱ्यांची गडगी आणि मागचे कुळागर हेही त्या घराचेच अवयव होत. घर बंद पडले की आवार आधी हातचे जाते. काही पावसाळ्यांतच रानमोडी व घाणेरी माजतात आणि चिऱ्यांच्या सांध्यांत वड-पिंपळ रुजतात.

आधी नोंद, मग सफाई : पावसाळा सरल्यावर झुडपे टप्प्याटप्प्याने काढावीत. पायऱ्या, पाट, आळी व जुनी झाडे जशी उघडी पडतील तशी नकाशावर टिपावीत. सरसकट यंत्र फिरवल्यास या खुणा कायमच्या पुसल्या जातात. गडगीतील रोपटे उपटू नये, कारण मुळांबरोबर चिरेही निखळतात. ते कापून मूळ मारावे आणि मगच सांधा भरावा.

चुना आणि सिमेंट : चिरा सच्छिद्र असतो. चुन्याच्या गिलाव्यातून त्यातील ओल बाहेर पडते. सिमेंटखाली ती कोंडते आणि दगड झिजू लागतो. अंगणाला काँक्रीट केल्यास पावसाचे पाणी जमिनीत मुरत नाही आणि त्याचा फटका विहिरीला बसतो.

पाणी : कुळागरात पोफळी, माड, केळी, मिरवेल व जायफळ एकमेकांच्या सावलीत वाढतात आणि झरीचे पाणी पाटाने खेळते. पाट बुजला की पोफळी सुकू लागतात. म्हणून नव्या लागवडीआधी पाट मोकळे करावेत. विहिरीतील गाळ पाणी तळाला जाते त्या एप्रिल-मे महिन्यांत उपसतात. मात्र बंद विहिरीत प्राणघातक वायू साचलेला असू शकतो. हवेची तपासणी केल्याविना कोणालाही आत उतरवू नये.

काय राखावे : काजू, पपई, अननस ही अमेरिका खंडातील झाडे पोर्तुगीज काळात येथे आली आणि इथलीच झाली. त्यामुळे ‘मूळ’ बागेचा हट्ट न धरता, घराच्या वापरात जे होते ते जपावे. म्हातारे मानकुराद कोसळण्याआधी त्याच्या काडीपासून कलमे बांधून घ्यावीत. लागवड जूनमध्ये, पाऊस स्थिरावल्यावर करावी.

कायदा आणि वारसा : झाड तोडण्यापूर्वी 1984च्या वृक्षसंरक्षण कायद्याखालील परवानगी पाहावी. आवारात मुंडकार राहत असल्यास 1975च्या कायद्याने त्याच्या निवासाला संरक्षण आहे. आवार साफ करताना त्याचे घर वा वाट मोडता येत नाही. सर्वांत अवघड गाठ वारसांची असते. मालकी अनेकांत विभागलेली आणि वारस मुंबईपासून लिस्बनपर्यंत पांगलेले असल्यास खर्च कोणी करायचा यावरच काम अडते. खर्च, उत्पन्न आणि देखभाल यांचा लेखी करार आधी झाला, तरच सावरलेले आवार पुढचे पावसाळे पाहील.