घाण करणारा आणि मोजणारा

आज काशीला जाऊ. अहिल्याबाईंनी अठराव्या शतकात विश्वनाथाचं देऊळ पुन्हा उभारलं, तीच काशी. तिथून गंगेकाठाने दक्षिणेला चालत गेलं की तुळशीघाट लागतो. तिथली एक प्रयोगशाळा मला दाखवायची आहे. पण त्याआधी एक शब्द समजून घेऊ: विश्वस्त.

देवस्थानचा विश्वस्त आपल्याला ठाऊक असतो. देवाचं धन त्याच्या ताब्यात असतं, मालकीचं नसतं. १९९६ साली मेहता विरुद्ध कमलनाथ खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने हेच नदी-जंगलांना लावलं: सरकार त्यांचं विश्वस्त आहे.

मग कुणी नदी नासवली, तर नुकसान मोजायचं कुणी? या प्रश्नावर अमेरिकेने ठेच खाल्ली. १९८९ मध्ये अलास्कात एक्सॉन वाल्डीझ जहाजातलं तेल समुद्रात सांडलं. सरकारचे शास्त्रज्ञ वेगळे, कंपनीचे वेगळे, आणि कोर्टकचेरीच्या भीतीने निष्कर्ष गुपित. त्यातून शहाणपण आलं. १९९० चा तेलप्रदूषण कायदा आणि १९९६ चे नियम यांनुसार विश्वस्तांनी घाण करणाऱ्यालाच मोजणीला बोलवायचं. नमुने एकत्र घेतले, की निदान आकड्यावरून भांडण होत नाही. खर्च कंपनीचा, पण अखेरचा शब्द विश्वस्ताचा.

हा मेळ का जमतो? कारण टेबलाच्या दोन बाजूंना दोन वेगळी माणसं असतात.

आता काशीकडे वळू. १४ जून १९८६ ला राजीव गांधींनी इथेच गंगा कृती योजनेचा आरंभ केला. पण इथे तेलाची कंपनी नव्हती. गंगेत जात होतं ते मुख्यतः शहराचंच सांडपाणी. ज्या असी आणि वरुणेवरून वाराणसी हे नाव सांगतात, त्याही सांडपाणी वाहून आणत होत्या. सांडपाण्याची जबाबदारी सरकारी यंत्रणांची, नदीचं विश्वस्तपण सरकारचं आणि मोजणीही सरकारी. म्हणजे टेबलाच्या दोन्ही बाजूंना एकच माणूस!

त्यात काय मोजायचं हेही त्यानेच ठरवलं. योजनेची भिस्त पाण्यातला प्राणवायू आणि सेंद्रिय घाण यांच्या आकड्यांवर होती. बुडी मारणाऱ्याला आजारी पाडतात ते विष्ठेतले जंतू. त्यांचा हिशेब मागितला संकटमोचन मंदिराचे महंत वीरभद्र मिश्र यांनी. ते काशी हिंदू विश्वविद्यालयात जलअभियांत्रिकीचे प्राध्यापकही होते आणि रोज गंगास्नान करणारे. १९८२ मध्ये त्यांनी प्रतिष्ठान स्थापलं, पुढे तुळशीघाटावर प्रयोगशाळा काढली. दर १०० मिलीलिटरमध्ये विष्ठाजन्य जंतू २,५०० च्या वर गेले, तर ते पाणी स्नानायोग्य नाही, हा सरकारचाच निकष. त्यानुसार पाणी तपासून ते आकडे लोकांपुढे ठेवत राहिले. पंप विजेवर चालतात आणि वीज गेली की मैला थेट नदीत जातो, हेही त्यांनी दाखवलं. २०१३ साली ते गेले.

आज हरित लवाद संयुक्त समित्या नेमतो. त्यांत बहुधा केंद्रीय मंडळ, राज्य मंडळ आणि जिल्हाधिकारी असतात. प्रदूषक कारखाना असेल, तर ठीक. पण घाण नगरपालिकेची असेल, तर मी एकच प्रश्न विचारतो: समितीत या पाण्यात रोज उतरणारा कुणी आहे का? सहकार्य हवंच, पण घाण करणारा आणि राखणदार एकच असेल, तर मोजायला तिसरा माणूस लागतो.