शेवटच्या घंटेआधीचा टोला

परीक्षेत शेवटची दहा मिनिटे उरली की आपल्या शाळेत एक टोला पडायचा. मग पुरवण्या बांधायची, बैठक क्रमांक तपासायची धांदल. मित्रमैत्रिणींनो, माझ्या व्यवसायाच्या इतिहासातही असाच एक टोला आहे. त्याची ही गोष्ट.

1969 मध्ये अमेरिकेतल्या बेल लॅब्जमध्ये केन थॉम्प्सन आणि डेनिस रिची यांनी युनिक्स ही कार्यप्रणाली घडवायला घेतली. एकाच संगणकाला अनेक टर्मिनल जोडायचे आणि प्रत्येकाने आपापले काम करायचे, अशी ही व्यवस्था. डिस्क संथ होती, म्हणून युनिक्स नवा मजकूर थोडा वेळ मेमरीतच ठेवून मग डिस्कवर उतरवत असे. मध्येच वीज तुटली तर तो मजकूर जाई आणि डिस्कवरच्या नोंदींचा मेळही बिघडे. त्यामुळे संगणक बंद करण्यापूर्वी 'सिंक' ही आज्ञा द्यायची, म्हणजे मेमरीतले सगळे डिस्कवर जाई. जुन्या लोकांना ती तीनदा टाइप करायची सवय होती. डिस्कवरचे लिखाण पुरे होण्याआधीच आज्ञा संपल्यासारखी दिसे; पुन्हा टाइप करण्यात डिस्कला तेवढीच उसंत मिळे.

डिस्कची सोय झाली, पण टर्मिनलसमोर बसलेल्या माणसांचे काय? बर्कली विद्यापीठाच्या 1980 च्या बीएसडी आवृत्तीत 'शटडाउन' ही आज्ञा आली. ती प्रत्येक टर्मिनलवर सूचना पाठवते. वेळ जवळ येईल तशा सूचना वाढतात. शेवटच्या पाच मिनिटांत नवीन कोणाला आत घेत नाही. हाच तो टोला.

2000 साली कॉलेजच्या प्रयोगशाळेतला लिनक्स सर्व्हर रोज संध्याकाळी बंद करण्याचे काम माझ्याकडे होते. एकदा बस गाठायच्या घाईत मी 'शटडाउन'पुढे दहा मिनिटांऐवजी 'नाऊ' लिहिले. डिस्क सुखरूप राहिली, एकही फाइल बिघडली नाही. पण मागच्या रांगेतल्या मैत्रिणीचा दुपारपासून चाललेला प्रोग्राम उत्तर यायच्या आतच बंद पडला. दुसऱ्या दिवशी तिचे सबमिशन होते. ती एक शब्दही बोलली नाही, तेच जास्त लागले. बस सोडली, सर्व्हर पुन्हा सुरू केला आणि प्रोग्राम संपेपर्यंत तिच्याशेजारी बसून राहिले.

2001 मध्ये लिनक्समध्ये 'एक्स्टथ्री' ही फाइलव्यवस्था आली. बदलांची नोंद ती आधी एका वहीत करावी तशी करून ठेवते, त्यामुळे वीज गेली तरी डिस्कवरच्या नोंदींचा मेळ पुन्हा चटकन लावता येतो. मात्र कोणाचे काम किती उरले आहे, हे त्या वहीला कळत नाही.

म्हणून आजही सर्व्हर बंद करायची वेळ आली की मी आधी 'हू' टाइप करते. आत कोण कोण आहे ते पाहते, आणि मगच दहा मिनिटांचा टोला देते.