एलापूरचा उलगडा

खुलताबादेहून घाट उतरून वेरूळला जाताना मला नेहमी एक प्रश्न पडतो. कैलास लेणे कोणी करविले, हे सांगणारा लेख तेथे नाही. मग ते राष्ट्रकूट राजा पहिल्या कृष्णाचे, हे आपणांस कळले कसे?

वाचकहो, पुरावा निघाला दूर बडोद्यास! तेथील शके ७३४, म्हणजे सन ८१२ च्या ताम्रपटात, कृष्णराजाने एलापूरच्या डोंगरावर बांधविलेल्या देवळाचे वर्णन आहे. ते पाहून आकाशातले देव थक्क झाले. खुद्द कारागिरालाही आपण हे केले कसे, याचे नवल वाटले, असे कवी म्हणतो. हे एलापूर म्हणजे खुलताबादेच्या पायथ्याचे वेरूळ, असे १८८३ च्या सुमारास रामकृष्ण गोपाळ भांडारकरांनी साधार मांडले.

श्लोक दोन-चारच, पण ते वाचणाऱ्याची तयारी वीस-पंचवीस वर्षांची होती. १८३७ साली मालवणास जन्मलेल्या भांडारकरांनी इंग्रजी शिक्षणानंतर शास्त्रीमंडळींपाशी बसून संस्कृत पक्के केले. सिंधमधील हैदराबादेस आणि रत्नागिरीस ते हेडमास्तर होते. मुलांना सोपे पुस्तक हवे, म्हणून त्यांनी संस्कृतची दोन पाठ्यपुस्तके लिहिली. पिढ्यान् पिढ्या त्यांवर शिकल्या.

पुढे एल्फिन्स्टन कॉलेजात ते संस्कृतचे हंगामी प्राध्यापक झाले. परंतु १८७३ मध्ये कायमची जागा विलायतेहून आलेल्या पीटर पीटर्सन यांना मिळाली. भांडारकरांच्या वाट्याला दुय्यम जागा आली. दुसरा एखादा खचला असता. ह्यांनी मात्र पुढच्याच वर्षी, लंडनच्या प्राच्यविद्या परिषदेसाठी, नाशिकच्या लेण्यांतील लेखांवर निबंध धाडला. नंतर जुन्या पोथ्या मिळवून त्यांचे अहवाल प्रसिद्ध केले. १८८२ मध्ये डेक्कन कॉलेजातील प्राध्यापकपद आणि १८९३ मध्ये मुंबई विद्यापीठाचे कुलगुरुपद त्यांच्याकडे आले.

आज औरंगाबादेत, म्हणजेच छत्रपती संभाजीनगरात, १९५८ पासून विद्यापीठ आहे. तेथे संशोधन करणाऱ्या मुलामुलींना दिवाळीच्या फराळावर पाहुणे हटकून विचारतात, “विभागप्रमुख केव्हा होणार?” प्रश्न मायेचाच असतो. पण मला वाटते, “सध्या काय वाचता? कोणाला शिकवता?” असेही विचारावे. संशोधनाचे पुढारपण ह्याच कामांतून घडते.

भांडारकरांच्या नावाची संस्था १९१७ साली पुण्यास निघाली. आपला ग्रंथसंग्रह त्यांनी तिला दिला. जन्मभर जमविलेली साधने त्यांनी पुढच्या अभ्यासकांच्या हाती ठेवली.