झाडाचं म्हणून काय झालं?

आत्याला कंपवात होऊन तीन वर्षं झाली. परवा चहा देताना हातातली कपबशी वाजायला लागली, तशी चिडून म्हणाली, "आयुष्यभर परसात कडुनिंबाशिवाय कसला फवारा मारला नाही रे मी. मग मलाच का?" काय बोलणार? घरी येऊन कंपवाताबद्दल वाचत बसलो आणि भलत्याच ठिकाणी पोचलो. माशांच्या विषापाशी!

मलायात 'तुबा' नावाच्या वेलीची मुळं ठेचून पाण्यात कालवायचे, की मासे गुंगून वर यायचे. (आपल्या कोकणातल्या खाडीकाठची करंजवेल या तुबाच्याच गोतातली.) दक्षिण अमेरिकेत वेल वेगळी, पण विष तेच. फ्रेंच गयानातल्या वेलीतून ते एमान्युएल जॉफ्रुआने वेगळं काढलं. पण १८९४ साली बिचारा वारला आणि प्रबंध छापला गेला १८९५ मध्ये. १९०२ मध्ये जपानच्या नागाई नागायोशींनी (इफेड्रिन शोधणारे ते हेच) त्याचे शुद्ध स्फटिक मिळवले. वेलीचं तैवानातलं नाव रो-तेन, म्हणून हे रोटेनोन.

मासा मरतो तो पाण्यात प्राणवायू नसतो म्हणून नव्हे. विष कल्ल्यांतून थेट रक्तात जातं आणि पेशींतल्या मायटोकॉन्ड्रियांना समोरचा प्राणवायू वापरताच येत नाही. भरल्या ताटावर उपाशी! माणसाच्या आतड्यातून मात्र ते फार थोडं शोषलं जातं, शिवाय उन्हात लवकर विरतं. मग काय, 'झाडापासूनचं, निर्धोक' म्हणून त्याची पूड अमेरिका-युरोपात भाज्यांवर, गुलाबांवर वर्षानुवर्षं मारली गेली.

२००० साली अटलांटातल्या एमरी विद्यापीठात टिमोथी ग्रीनामायर यांच्या गटाने हेच विष उंदरांच्या शिरेत थोडं थोडं, आठवडेच्या आठवडे सोडलं. काही उंदीर आखडले, चालीत मंदावले. कंपवातात मेंदूतल्या ज्या पेशी मरतात, नेमक्या त्याच मेलेल्या. पुढे २०११ मध्ये अमेरिकेतल्या शेतांवर फवारणी करणाऱ्यांचा अभ्यास आला. त्यात रोटेनोन वापरलेल्यांत कंपवाताचं प्रमाण सुमारे अडीचपट दिसलं.

वाचून क्षणभर पोटात गोळा आला. पण कडुनिंबात रोटेनोन नसतं. लगेच आत्याला फोन करून सांगितलं. तिला बरं वाटलं असावं, कारण थोडा वेळ गप्प होती. मग म्हणाली, "मग कशानं झालं रे?"

ते तिच्या डॉक्टरांनाही सांगता आलेलं नाही. असो. तिच्यासाठी मोठ्या कानाचा जड मग शोधतोय. कुणाच्या पाहण्यात असेल तर कळवा.