नमुनापट (भरतकाम)

भरतकामातील टाके व नक्षी यांच्या सरावासाठी, तसेच ती पुढे पाहून भरता यावी म्हणून तयार केलेला कापडाचा लहान तुकडा. तो सॅम्प्लर या नावानेही ओळखला जातो. त्यात बहुधा फुलीचा टाका वापरतात. कापडाचे उभे-आडवे धागे मोजून एकमेकांस छेदणारे दोन तिरपे टाके घातले, की एक फुली पूर्ण होते.

यूरोपात छापील नक्षीपुस्तके दुर्मिळ असताना नमुनापट हीच नक्षीची वही होती. वर्ष नोंदलेला सर्वांत जुना ज्ञात इंग्रजी नमुनापट जेन बॉस्टॉक हिचा (१५९८) असून तो लंडनच्या व्हिक्टोरिया अँड ॲल्बर्ट संग्रहालयात आहे. ॲलिस ली हिच्या १५९६ मधील जन्माची नोंद त्यावर भरलेली आहे. पुढे मुळाक्षरे व अंक भरणे हा मुलींच्या शालेय अभ्यासाचाच भाग बनला. घरातील कापडांवर आद्याक्षरे घालण्यासही तो सराव उपयोगी पडे.

धागे मोजून भरण्याची कला भारतात स्वतंत्रपणे रुजलेली होती. धारवाड–बेळगाव भागातील कसुतीच्या गवंती, मुर्गी, नेगी व मेंथी या चार टाक्यांपैकी मेंथी हा फुलीचा टाका होय. गोपूर, रथ, तुळशीवृंदावन इ. आकृत्या कापडावर न रेखाटता भरल्या जात. अक्षरांचा नमुनापट मात्र मुलींच्या शाळांबरोबर आला. सिंथिया फरार या १८२७ मध्ये मुंबईस आल्या. त्यांच्या देखरेखीखालील अमेरिकन मिशनच्या शाळांत लेखन-वाचनाबरोबर शिवणकामही शिकवीत. सुई हाती असल्याने मुलींचे शिकणे गृहकृत्याशी जोडले गेले. पण त्याच तासाने त्यांच्या शिक्षणाची मर्यादाही सूचित केली. पंडिता रमाबाईंचे शारदा सदन (१८८९) व रमाबाई रानडे यांच्या नेतृत्वाखालील पुण्याचे सेवासदन (१९०९) यांसारख्या संस्थांच्या कार्यात विधवा व निराधार स्त्रियांच्या स्वावलंबनाला महत्त्व आले, तेव्हा शिवण-भरतकामाकडे उपजीविकेचे साधन म्हणूनही पाहिले गेले.

नमुनापटाची आखणी चौकटीच्या कागदावर करतात. एक चौकट म्हणजे एक फुली. इंचाला १४ घरे असलेल्या कापडावर ७० × ९८ फुल्यांची नक्षी ५ × ७ इंच जागा व्यापते. कापड दोनदा दुमडून मध्य काढतात व तेथून भरण्यास आरंभ करतात. सर्व फुल्यांचे वरचे टाके एकाच दिशेस ठेवल्यास पोत एकसारखा दिसतो. देवनागरीची शिरोरेषा व काना सहज साधतात. ‘क’, ‘ळ’ यांची वळणे पायऱ्यापायऱ्यांनी दाखवावी लागतात आणि जोडाक्षरांना अधिक घरे सोडावी लागतात.

मॅटी किंवा दुसुतीवर भरून चौकटीत बसविलेली ‘सुस्वागतम्’सारखी अक्षरे महाराष्ट्रातील मध्यमवर्गीय घरांत परिचित झाली. अशा पटांवर नाव व वर्ष भरलेले असल्यास त्यांचे मोल शोभेपुरते राहत नाही. ज्यांचे अन्य लेखन मागे उरले नाही, अशा स्त्रियांच्या साक्षरतेचा तो स्वहस्ते केलेला पुरावा ठरतो.